राहून गेलेलं प्रेत

"तुमचं प्रेत घ्यायचं राहून गेलंय, ताई," फोनवरचा मुलगा म्हणाला, तेव्हा तिच्या उजव्या हातातल्या चिमट्यात कुणाची तरी खालची डावी दाढ होती आणि फोन कान आणि खांदा यांच्यात दाबलेला होता. दाढ पडली नाही, हे वीस वर्षांच्या सवयीचं कौतुक. तिनं ती हळूच कापसावर ठेवली, पायाखालचं बटण सोडलं, घासायच्या यंत्राची घरघर थांबली आणि मग म्हणाली, "कुणाचं?" मुलगा जरा खाकरला. त्यानं आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. वडील म्हणजे तेच, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी तो नाताळचा सिनेमा काढला होता. नाताळबाबाच्या लाल कोटातला एक खुनी, शोभेच्या झाडांचं एक गोदाम, एक कुऱ्हाड आणि मरायला सात जण. ते वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आता मुलगा दुसरा भाग काढत होता. "पहिल्या भागात सात खून आहेत," तो म्हणाला, "आणि प्रेतं सहा. मी तीस वेळा पाहिला सिनेमा. तुमचं कुठंच नाही. तुम्ही पळता, भिंतीवर सावली येते, कुऱ्हाड वर जाते, आणि मग झाडावरचा एक लाल काचेचा गोळा घरंगळत जातो, बस. मला दुसरा भाग तुमच्या प्रेतापासून सुरू करायचाय. एक दिवस लागेल. याल?" ती येते म्हणाली. विचार करून सांगते, घरी विचारते, असं काहीही म्हणाली नाही. सरळ येते म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण केव्हापासून उभ्याच आहोत.

दातांच्या दवाखान्यामागची, ती जिथं खोटे दात घडवायची ती खोली, दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद, तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहिली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या कपाळाला चिठ्ठी. खाली मेणाच्या वड्या, कोपऱ्यात भट्टी, तिच्यावर सेकंद मोजणारं घड्याळ. माणसं ती तोंडानं ओळखत नसे, दातांनी ओळखायची. बाजारात कुणी हसून बोललं की तिला आधी वाटायचं, अरे, हा तर माझा वरचा उजवा सुळा. अशी ही नाकासमोर चालणारी बाई, आणि तिच्या कानशिलात आता ठोके पडत होते, तळहात ओले झाले होते आणि ओठ आपोआप पसरत होते. शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई आल्या, मास्क हनुवटीखाली ओढून म्हणाल्या, "काय गं, यंत्र का थांबलं?" तिनं पुढच्या शनिवारची सुट्टी मागितली. "कशाला?" "मरायला," ती म्हणाली आणि मग खुळ्यासारखी हसत सुटली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मरायलासुद्धा फुरसत नाही म्हणून रोज ओरडतेस. घे बाई एक दिवस," त्या म्हणाल्या आणि पेशंटकडे गेल्या. ती पुन्हा यंत्राशी बसली, पण दाढेचा उंचवटा तिनं गरजेपेक्षा जास्त घासला आणि ती दाढ पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. असं तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

सिनेमाच्या नावांच्या यादीत ती 'तिसरी मुलगी' होती. तिथं सगळे तिला तिसरीच म्हणायचे. तिसरे इकडं ये, तिसरे केस मोकळे सोड. चोवीस वर्षांची होती, शिकून घरी बसली होती आणि एका मैत्रिणीच्या ओळखीनं ह्या लोकांत जाऊन पडली होती. आईला सांगितलं होतं की एका कचेरीत टंकलेखनाचं काम मिळालंय. खरं तर ते अकरा दिवस ती एका गोदामात जीव मुठीत धरून पळत होती. भर उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, अंगात पिवळा लोकरी स्वेटर आणि पायाखाली साबणाच्या फेसाचा बर्फ. कडाक्याची थंडी दाखवायची म्हणून सगळे दात वाजवायचे आणि पाठीवरून घामाच्या धारा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. रक्त गुळमट पाकाचं होतं, त्याला मुंग्या लागायच्या. कुऱ्हाडीचं पातं थर्माकोलचं, ते एकदा दाराला लागून मोडलं तर खुन्यानंच बसून चिकटवलं. आणि तरी काय मजा होती. वाटेत एक झाड आडवं टाकलेलं असायचं, ते ओलांडताना ती दर वेळी एक क्षण हवेत असायची आणि त्या क्षणी तिला मागं लागलेला माणूस खरा वाटायचा, कुऱ्हाड खरी वाटायची, आणि आपण सापडणार नाही हेही खरं वाटायचं. कॅमेरा थांबला तरी ती चार पावलं जास्त पळायची. थोरला दिग्दर्शक, म्हणजे ह्या मुलाचा बाप, ओरडायचा, "तिसरे, संपलं, परत ये." ती धापा टाकत, हसत परत यायची आणि म्हणायची, पुन्हा घ्यायचंय का.

नवरा पाणीमीटर दुरुस्तीच्या कारखान्यात होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तेव्हा तो चष्मा कपाळावर ठेवून एका मीटरच्या चकत्या वर्तमानपत्रावर मांडत होता. घरी काम आणायची त्याला सवयच होती. "कसलं काम म्हणालीस?" "प्रेताचं." "म्हणजे बसायचं की झोपायचं?" "अहो, प्रेत बसतं का?" "मग जमेल तुला," तो म्हणाला, "रविवारी दुपारी तुला हलवून बघावं लागतं." लग्नाआधीच्या त्या सिनेमाचं त्याला ठाऊक होतं, पण ते एखाद्या जुन्या आजारपणासारखं ठाऊक होतं, होऊन गेलं, बरं वाटलं, विषय संपला. त्या आठवड्यात मात्र बिचाऱ्याला संसारात नवीन दृश्यं बघावी लागली. पाणी प्यायला उठावं तर बायको स्वयंपाकघरात फरशीवर आडवी, डोळे उघडे, एक हात वाकडा. तो तिला ओलांडून माठापर्यंत गेला, पाणी प्याला आणि पुन्हा ओलांडून आला. "पापणी हलली," जाता जाता म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती कामावर भट्टीच्या घड्याळावर श्वास रोखून बघत होती. पहिल्या दिवशी पंचवीस सेकंद, बुधवारी चाळीस, शुक्रवारी पंचावन्न. छातीत काहीतरी फडफडायला लागायचं, कानात गुणगुण सुरू व्हायची, आणि शेवटी श्वास सुटला की खोलीतला मेणाचा वास एकदम आत यायचा, इतका गोड की तिला वाटायचं, ह्या वासासाठी आपण वीस वर्षं इथं येतोय आणि आपल्याला पत्ताच नाही. मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती, तिचा फोन आला. "आई, तुझा आवाज असा का येतोय? पळत आलीस का कुठून?" "नाही गं," ती म्हणाली, "बसलेय."

पण रात्री जेवण झाल्यावर, भांडी विसळताना, ह्या सगळ्या उत्साहाच्या खाली एक खडा टोचत होता, आणि तो कुठला हे तिला चांगलं माहीत होतं. प्रेत राहून गेलं नव्हतं. प्रेत पळून गेलं होतं. त्या शेवटच्या दिवशी पळण्याचं झालं, सावलीचं झालं, आणि मदतनीस तिला म्हणाला होता, "तिसरे, इथं अशी पडून राहा, मी रक्त कालवून आणतो." ती पडून राहिली. पाठीखाली फेस विरत होता, वर पत्रा, पत्र्यात एक भोक आणि त्यातून उजेडाची काडी. गोदामात कुणी बोलत नव्हतं. आणि तेव्हा तिला आपले वडील दिसले. आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या खोलीत असेच ठेवले होते. तोंड मिटेना म्हणून आईनं स्वतःच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून त्यांच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधली होती. गाठ मारताना आईचे हात थरथरत नव्हते, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं होतं. फेसात पडल्या पडल्या तिनं आपलं तोंड मिटून बघितलं. मिटत होतं. मग ती उठली. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला, आपले कपडे घातले, पिशवी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडून साडेसहाची बस पकडली. बस चुकली असती तर आईला संशय आला असता, असं तिनं तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी कुणी विचारायलाही आलं नाही. दिग्दर्शकाला वाटलं मदतनिसानं उरकलं, मदतनिसाला वाटलं दिग्दर्शकानं उरकलं. आणि कात्री लावायला बसले तेव्हा गोदाम रिकामं करून दिलेलं होतं, झाडं विकली गेली होती. मग प्रेताच्या जागी तो लाल गोळा घरंगळला.

सिनेमा लागला तेव्हा ती एकटीच दुपारच्या खेळाला गेली. थिएटरात पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी गारव्यासाठी आलेली. पहिली मेली, तिचं प्रेत दिसलं. दुसरा मेला, त्याचं दिसलं. मग पडद्यावर ती स्वतः पळाली आणि ती खुर्चीचे हात धरून बसली. सावली आली. कुऱ्हाड वर गेली. गोळा घरंगळला. आता दाखवतील, पुढच्या खेपेला दाखवतील, शेवटी पोलीस येतात तेव्हा दाखवतील, असं करता करता दिवे लागले. ती उन्हात बाहेर आली आणि तिला इतकं हलकं वाटलं की बस सोडून ती चार थांबे चालत गेली. रस्त्यातली माणसं, दुकानांच्या काचा, एक कुत्रं, सगळं तिच्या बाजूचं होतं. सगळे मेले, मी नाही मेले, पळतेय अजून. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही, नवऱ्याला तर नाहीच, कारण ऐकणारा हसला असता आणि ते बरोबरच होतं. पण बाळंतपणात रक्त थांबेना आणि नर्सा पळापळ करू लागल्या तेव्हा तिनं छताकडे बघून हेच म्हटलं होतं, की मला कुठं दाखवलंय. आई गेली तेव्हाही, आणि दोन वर्षांपूर्वी मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली, ते सात दिवस तर तिनं ते इतक्या वेळा म्हटलं की शब्दांना काही अर्थ उरला नाही, नुसता चालीचा आधार उरला. गाठ साधी निघाली. शहाण्या बाईनं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसतो आणि ती ठेवत नव्हतीच. फक्त त्या गोष्टीला कुणाला हात लावू देत नव्हती. आणि आता त्याच दिग्दर्शकाचा मुलगा इतक्या गोड आवाजात म्हणत होता की या, एक दिवसाचं काम आहे, राहून गेलेलं पूर्ण करू. आणि तिला जायचं होतं. न जाण्याचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही, ह्याचंच तिला नवल वाटत होतं. पुन्हा दिवे, पुन्हा कुणीतरी तिसरे म्हणून हाक मारणार, ह्या कल्पनेनं तिला शुक्रवारी धड जेवण गेलं नाही.

धाकट्यानं, म्हणजे त्या मुलानं, बटाट्यांचं शीतगृह भाड्यानं घेतलं होतं. "बाबांच्या सिनेमाला लोक एका गोष्टीवरून हसले," तो तिला आत नेता नेता सांगत होता, "बाहेर हिमवादळ आणि कुणाच्या तोंडातून वाफ नाही. मी ठरवलं, थंडी तरी खरी पाहिजे." थंडी खरी होती. जाड दार मागं लोटलं गेलं आणि सकाळचं ऊन एकदम बंद झालं. आत मातीचा, गोणपाटाचा, ओल्या सालींचा वास. पोत्यांच्या भिंतींमधून शोभेची झाडं उभी केली होती, त्यांच्यावर कागदाचा चुरा आणि मीठ. जो बोलेल त्याच्या तोंडापुढं पांढरा झुबका. आठ-दहा माणसांचं पथक, त्यातल्या तिघांना हातमोज्यांची एकच जोडी. तिला हसू यायला लागलं आणि थांबेना. काहीही बदललं नव्हतं, फक्त उकडण्याच्या जागी गारठा आला होता. "पण मी आता म्हातारी झालेय की," ती म्हणाली, "बावीस वर्षं बर्फात राहिलेलं प्रेत चोवीसचंच दिसायला पाहिजे ना?" "अर्धा चेहरा बर्फात असेल, उरलेल्यावर दहिवर. बर्फाखाली वय कुठं कळतं?" धाकटा म्हणाला. मग त्यानं कोटाच्या आतून एक वही काढली. वडिलांची. पहिल्या सिनेमातला एकेक शॉट ओळीनं लिहिलेला, पुढं बरोबरची खूण. एका ओळीपुढं काही नव्हतं. 'तिसरी, प्रेत.' "शेवटच्या दिवसांत ते मला म्हणायचे की काहीतरी राहिलंय, आठवत नाही. मला वाटायचं माझ्याबद्दल म्हणतायत. नंतर वहीत हे सापडलं," तो म्हणाला. मुलाचे वरचे दोन दात जरा पुढं होते, थेट बापासारखे. तिला एकदम भरून आलं, आणि सगळं सांगून टाकावं असंही वाटलं, पण तेवढ्यात मेकअपवालीनं तिला खुर्चीत ओढलं.

मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी तिच्या भुवया पांढऱ्या होत होत्या, तेव्हा समोरच्या पोत्यावर लाल कोटातला एक माणूस येऊन बसला. त्यानं दाढीसकट मुखवटा वर केला. आत सत्तरीचा, गालफडं बसलेला चेहरा, वर-खाली पूर्ण कवळी, तीही जरा सैल. "ओळखलंस का, तिसरे?" आवाजावरून तिनं ओळखलं. हाच तो, तेव्हाचा खुनी. एरवी आयुष्यभर रुग्णवाहिका चालवणारा. "काका," ती म्हणाली आणि उठायला गेली, तर मेकअपवालीनं दाबून बसवली. "धाकट्यानं मलाच घेतलं बघ पुन्हा. मी म्हटलं, अरे, जिना चढताना दम लागतो मला. तर म्हणाला, चालेल, खुनीसुद्धा म्हातारा झालाय असं दाखवू." तो हसला, तोंडातून वाफ आली, मग तो तिच्याकडे वाकला. "तू त्या दिवशी बसच्या थांब्यावर उभी होतीस. मी समोर टपरीवर ह्याच कोटात चहा पीत होतो." तिनं मान न हलवता विचारलं, "मग बोलला का नाहीत?" "कशाला बोलू? त्या आठवड्यात सात माणसं मारली होती मी, पोरी. एक जण उठून घरी जाताना दिसलं, बरं वाटलं." त्यानं मुखवटा खाली ओढला. आतून आवाज आला, "आज मात्र नीट पडून राहा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही." मेकअपवाली म्हणाली, हलू नका, गालावरचं दहिवर पडतंय, आणि तिनं हसू गिळलं.

दोन झाडांच्या मधल्या खड्ड्यात तिला झोपवलं. नवा पिवळा स्वेटर, मानेभोवती पाकाचं रक्त, अर्ध्या गालावर कागदी बर्फ. धाकटा गुडघ्यावर बसून समजावत होता. कॅमेरा वरून हळूहळू खाली येणार, थेट डोळ्यांपर्यंत, पन्नास सेकंद. मग लाल कोटवाला तिच्यावरून पाय टाकून दाराकडं निघून जाणार. "फवाऱ्याच्या बर्फाचा हा शेवटचा डबा, म्हणजे एकदाच. आणि वाफ दिसायला नको, ताई, नाहीतर सगळं मुसळ केरात." तोंडात धरायला त्यानं बर्फाचे दोन खडे दिले, तोंड आतून गार असलं की श्वासाची वाफ होत नाही. "आधी हळूहळू नाकानं घ्या, कॅमेरा जवळ आला की रोखा. जमेल?" तिनं पापण्या मिटून हो म्हटलं. तो उठला. गलका थांबला. कुणीतरी आकडा म्हटला, क्लॅपची फळी वाजली आणि वरचा दिवा तिच्या डोळ्यांत शिरला.

दाताच्या मुळांत कळ गेली, मग दात बधिर झाले. ती आपल्या जबड्याचा विचार करू लागली, फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांसारखा, कपाळाला चिठ्ठी लावलेला. पाठीखालून गारठा एकेक मणका मोजत वर येत होता. कॅमेरा खाली येताना दिसत होता, काळा, गोल, त्यामागं कॅमेरावाल्याचं नाक आणि नाकापुढं वाफ. धाकट्याच्या तोंडापुढं वाफ. मुखवट्याच्या भोकातून वाफ, मोठी, म्हातारी, धपापती. मेकअपवाली पोत्याआडून बघत होती, तिचीही. त्या सगळ्या खोलीत प्रत्येकाच्या पुढं एक पांढरा झुबका येत-जात होता, फक्त तिच्याच पुढं नव्हता. तिनं श्वास रोखला. दहा. वडिलांची हनुवटी, पट्टी, आईची न थरथरणारी बोटं. वीस. धाकट्याचे ओठ हलत होते, तोही मोजत होता. बिचाऱ्याचा एवढ्यावर जीव होता, बापाची राहिलेली एक ओळ. देऊन टाक ना, तिनं स्वतःला सांगितलं, काय जातंय तुझं, एका सिनेमातलं पळणं. तीस. छातीत फडफड सुरू झाली. आणि तिच्या लक्षात आलं की ही भीती नाही. आठवडाभर जे स्वस्थ बसू देत नव्हतं, यंत्रावर हात ठरू देत नव्हतं, ते हेच होतं, आणि ते इथं मरायला आलेलं नव्हतं. चाळीस. कॅमेरा तिच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर थांबला. काचेत तिला एक छोटी पांढरी बाई दिसली. तिनं बर्फाचे खडे गिळले आणि तोंड उघडून श्वास सोडला.

वाफ सरळ वर गेली, दिव्याच्या झोतात पसरली आणि बराच वेळ तशीच राहिली. कॅमेरावाला हललाच नाही. लाल कोटवाल्यानं एक पाय तिच्यावरून टाकला होता, दुसरा टाकायचा होता, तो थबकला. त्यानं मान खाली केली. मुखवट्याच्या भोकांतून दोन म्हातारे डोळे तिच्याकडं बघत होते, आणि ते हसत होते हे तिनं पैजेवर सांगितलं असतं. मग त्यानं पाय मागं घेतला आणि कुऱ्हाड दोन्ही हातांनी वर उचलली. ती उठली. गुडघा कटकन वाजला, गालावरचं दहिवर गळून पडलं, आणि ती पळाली. आधी वाकून, मग सरळ. झाडांमधून, पोत्यांच्या भिंतीला खांदा घासत. मागं बुटांचा धपधप आवाज, त्याच्या मागं कॅमेरावाला खांद्यावर कॅमेरा मारून धावतोय, आणि कुणीही थांबा म्हणत नाही. वाटेत एक पोतं फुटून बटाटे पसरले होते, ते तिनं ओलांडले आणि शेहेचाळीस वर्षांची ती बाई एक क्षण हवेत होती. "हळू पळ गं," मागून मुखवट्यातून दबका आवाज आला, "मेलो मी." आवाज नंतर भरायचे होते, म्हणून त्यानं बिनधास्त म्हटलं होतं. तिनं जाड दार खांद्यानं ढकललं आणि भर उन्हात बाहेर आली, ट्रकाला वळसा घालून, चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चुकवून, कुंपणाच्या तारेपर्यंत. तिथं तिनं तार धरली आणि वाकून उभी राहिली.

लाल कोटवाला दारातच खोक्यावर बसला होता, मुखवटा मांडीवर, कवळी हातात, आणि खोकत खोकत हसत होता. धाकटा चालत आला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती म्हणाली, "चूक झाली, असं मी म्हणणार नाही." तो तिच्यासमोर उभा राहिला. "काय केलंत हे, ताई?"

"श्वास घेतला," ती म्हणाली. आणि मग एका दमात सांगून टाकलं. की तेव्हाही कुणाच्या हातून काही राहिलं नव्हतं, मीच उठून गेले होते, तुझ्या वडिलांचा काही दोष नव्हता त्यात. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर तिच्या गळ्यावर गेली, तिथं पाकाचं रक्त धापांबरोबर वर-खाली होत होतं. वही त्याच्या हातात होती, ती त्यानं न उघडता कोटात ठेवली. "मी तीन वर्षं तुमचं मरण लिहितोय," तो म्हणाला, "आणि हे असलं मला सुचलं नसतं." मग नाक पुसून, अगदी कामाच्या आवाजात, "सोमवारी येता येईल?"

"सोमवारी दवाखाना आहे. मंगळवारी सुट्टी काढते," ती म्हणाली. "किती पळायचंय?"

"शेवटपर्यंत," धाकटा म्हणाला.